दगडी अडतीचे अप्पा

बोरीच्या बाजारातल्या दगडी अडतीत कोणतंही नवं दुकान आलं तरी अप्पा त्याचं नाव घ्यायचे नाहीत. मोबाइल दुरुस्त करायला कुणी आलं की म्हणायचे, "रुईच्या खोलीत बघा." पार्लर शोधणाऱ्या नवख्या बाईला सांगायचे, "सरकीच्या खोलीत जा, तिथं भुवया कोरायल्यात." ती बिचारी गोंधळून पाटीखालूनच परत फिरायची.

अडतीत कापूस यायचा त्या काळात अप्पा तिथले मापाडी होते. कापूस गेला, रेशनचं गोदाम आलं, मग खताचं दुकान, शेवटी आमच्यासारखे किरकोळ भाडेकरू. अप्पा मागच्या खोलीत तसेच राहिले. एकटा जीव. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. माझ्या शिकवणीत पोरांनी दंगा केला की दारातून ओरडायचे, "मास्तर, माल लय हलका हाय रं तुझा!"

मधल्या ओसरीत तुळईला लोखंडी आकडा होता. पूर्वी त्याला कापसाचा काटा टांगत. त्याच्याखाली उभं राहून खोटं बोलायचं नाही, हा अप्पांचा दंडक. भाडेकरूंचं भांडण झालं की दोघांनाही तिथं आणायचे आणि म्हणायचे, "हितं बोल आता." गंमत म्हणजे माणसं खरंच खरं बोलत.

मालकाच्या नातवाला अडत पाडून गाळे काढायचे होते. आम्ही सगळ्यांनी सह्या दिल्या, अप्पांची तेवढी राहिली. मोतीबिंदूमुळं त्यांना अक्षर दिसत नव्हतं. नातू मला म्हणाला, "सर, ते तुमचंच ऐकतात. रस्त्याकडचा मोठा गाळा तुमच्या क्लासला देतो."

मी कागद घेऊन गेलो, तसं अप्पांनी मला आकड्याखाली नेलं. "वाच."

मी वाचलं. छपराच्या दुरुस्तीला परवानगी, असं वाचलं. कागदावर खोली कायमची सोडत असल्याचं लिहिलं होतं. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही, याची मला अजून लाज वाटते. अप्पांनी चाचपडत सही केली.

महिन्याभरात जेसीबी आला आणि अप्पांचं सामान रस्त्यावर पडलं. गर्दीतून कुणीतरी बोललंच, "मास्तरनंच फशिवलं म्हाताऱ्याला." अप्पा त्याच्या अंगावर धावून गेले. "त्यानं बरोबर वाचलं व्हतं! ह्यांनी मागून कागद बदललाय. त्याला कामून बोल लावायलास?"

पेडगावची पुतणी त्यांना न्यायला आली. मी त्यांची पेटी एसटीत चढवली. सगळं सांगून टाकावं म्हणून खिडकीशी गेलो, तर त्यांनीच माझा हात धरला. "मनाला लावून घेऊ नको मास्तर. तुझा दोष न्हाई." मी मान हलवली, आणि गाडी सुटली.

पुढं दोन-तीन वर्षं, पेडगावला जाऊन खरं सांगून येऊ, असं म्हणत राहिलो. माझा क्लास रस्त्याकडच्या गाळ्यात जोरात चालला होता, सवड काही मिळाली नाही. अप्पांच्या मातीला मात्र गेलो. तिथं पुतणीनं मला खास पुढं बोलावलं आणि जमलेल्या माणसांना ओळख करून दिली, "काका रोज सांगायचे ते हेच. बोरीचे मास्तर. लय सच्चा माणूस."