गजभिये सर आणि गच्चीवरची टाकी

शीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला गीझरची वॉरंटी समजावून सांगत होते. "मॅडम, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. स्वतःच्या नवऱ्याला माझ्याशी बोलताना त्या 'सर'च म्हणत, कारण मी म्हणायचे. "कधी?" "झोपेतच." गिऱ्हाईक समोर ताटकळलं होतं. त्याला वॉरंटी पुरती समजावली आणि मग विश्रांतवाडीला सरांच्या घरी निघाले. मधेच उठून गेले असते तर सरांनीच विचारलं असतं, त्या माणसाचं काय झालं म्हणून.

मधुकर गजभिये सरांच्या कारखान्यात मी वीसेक वर्षं ऑफिस सांभाळलं. कारखाना म्हणजे भोसरीतली एक शेड, मोजके कामगार, आणि उन्हावर पाणी तापवणारी ती यंत्रं, ज्यांना पुण्यात सगळे नुसतं 'सोलर' म्हणतात. सर अकोल्याकडचे. शिकायला पुण्यात आले आणि इथलेच झाले, पण विकण्याची कला त्यांना कधी आली नाही. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, "ढगाळ दिवशी काय करायचं हो?" सर म्हणाले, "त्या दिवशी गार पाण्यानं करा." मी टेबलाखालून पाय मारला, पण उशीर झाला होता. प्राध्यापक म्हणाले, "बसवा. निदान फसवणार तरी नाही तुम्ही." त्या काळी विकत घेणारा आणि आंघोळ करणारा माणूस एकच असे. पाणी तापलं नाही तर तो दुपारच्या आत फोन करून आमचा उद्धार करी. त्यामुळे टाकीचा पत्रा जाड ठेवण्यात आमचाच फायदा होता. यात थोर काही नव्हतं, धंदाच तसा होता.

नव्या इमारतीवर सोलर बसवल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळू नये, असा नियम व्हावा म्हणून सर वर्षानुवर्षं महापालिकेतल्या बैठकांना जात. नियम झाला त्या दिवशी त्यांनी शेडमध्ये आंबा बर्फी वाटली. म्हणाले, "मॅडम, आता विकायची कटकट संपली." संपलीच. फोन आपोआप येऊ लागले, पण ते बिल्डरांचे. त्यातले एक ऑफिसात येऊन बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सगळ्यात स्वस्त कितीला पडेल?"

"पाणी किती तापतं ते नाही विचारलं तुम्ही," सर म्हणाले.

"गजभियेसाहेब, दाखल्याला पाणी लागत नाही. टाकी लागते."

ते उद्धटपणे बोलले नाहीत. चहा पिऊन, आभार मानून गेले. पण आमचं गिऱ्हाईक बदललं आहे, हे त्या दिवशी कळलं. पैसे देणारा वेगळा आणि आंघोळ करणारा वेगळा. टाकी गळायला लागेल तेव्हा पैसे देणारा दुसऱ्या साइटवर असणार. पुढे सोसायट्यांना मिळकत करात सूट मिळू लागली, तीही टाकी आहे म्हणून. बाजारात पातळ पत्र्याच्या टाक्या आल्या. मी सरांना म्हटलं, "आपणही एक हलकं मॉडेल काढू. नाहीतर शेड बंद करावी लागेल." ते म्हणाले, "काहून काढायचं? दोन उन्हाळे टिकणार नाही ते." मी म्हटलं, "कुणाला टिकायला हवंय?" माझं म्हणणं व्यवहाराचं होतं. आजही मी तेच म्हणेन.

सरांनी दुसराच मार्ग धरला. पुन्हा बैठकांना जाऊ लागले. दाखला देताना टाकी बघू नका, दोन वर्षांनी नळाला गरम पाणी येतं का ते बघा, असं सांगू लागले. तिथल्या एका भल्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "इतक्या बाथरूममध्ये जाऊन पाणी तपासायला माणसं कुठून आणू, गजभिये? टाकी रस्त्यावरून दिसते." सर परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे, मॅडम." मला वाटतं, कारखाना त्या दिवशी संपला. कुलूप नंतर लागलं. मला गीझरच्या वितरकाकडे नोकरी मिळाली, तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "विजेवर तरी पाणी नक्की तापतं."

आमच्या शेडमधली शेवटची टाकी सरांच्याच इमारतीवर बसली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही आठवड्यांनी वहिनींकडे गेले, तर सोसायटीचे सेक्रेटरी तिथेच बसलेले. सर गेल्यापासून सोलर बंद पडला, अशी त्यांची तक्रार होती. प्लंबर गच्चीवर जाऊन आला होता. टाकीतलं पाणी कढत होतं, नळाला मात्र गार. मला हसू आलं. रात्रभर सगळ्यांच्या सामायिक पाइपात पाणी गार होतं, आणि सकाळी जो पहिला नळ सोडतो त्याला ते सगळं काढून टाकावं लागतं. मागच्यांना आयतं गरम मिळतं. म्हणून प्रत्येक घर दुसऱ्याची वाट बघत बसलं होतं.

"मग इतकी वर्षं कोण काढत होतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हेच," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी उठून. मला वाटायचं, सवय आहे."

सेक्रेटरी ओशाळले, पण फार वेळ नाही. "जो पहिला नळ सोडेल त्याला मेंटेनन्समध्ये सूट देऊ का? नाहीतर असं करू, मॅडम, तुम्ही गीझरचे दर सांगा. सगळे एकदम घेऊ. टाकी मात्र राहू दे वर. टॅक्समध्ये सूट आहे तिची."

एरवी मी तिथल्या तिथे दर सांगितले असते. "विचारून कळवते," म्हटलं. ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "निर्णय होईपर्यंत मीच सोडते नळ. उद्यापासूनच. गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, म्हणून स्टूल ठेवते बाथरूममध्ये."

त्या दिवशी मी तिथेच राहिले. सकाळी त्यांच्या आधी उठले आणि त्या स्टुलावर बसून नळ सोडला. पहिली बादली गार, दुसरीही गार. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं. तिसरी अर्धी भरली तेव्हा मी आत हात घातला, आणि झटकन बाहेर काढला.