डॉक्टरांनी झाडाचं नाव विचारलं

मित्रांनो, मदत करा!

आज सकाळी कुंडी बदलताना माझ्या नव्या कॅक्टसची फांदी मोडली आणि पांढरा चीक शेजारी बसलेल्या आईच्या डोळ्यात उडाला. डोळा पाण्याने धुतला, तिला अकोल्याला दवाखान्यात आणलं.

"झाड कोणतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कॅक्टस."

"पांढरा चीक? मग बहुतेक कॅक्टस नाही. नेमकं नाव सांगा."

व्यासपीठावर दोन-दोन तास गरजणारा मी फोनमधले कुंड्यांचे फोटो चाळू लागलो. हौसेने नऊ कुंड्या आणल्या, एकीचंही नाव विचारलं नाही.

आई कण्हत म्हणाली, "दुनियेले शिकवतं, अन् घरातलं झाड माहीत नाई तुले?"

तिचा डोळा अजून उघडत नाही. फोटो टाकतोय: खोडाला तीन धारा, जोडीने काटे, कडेला बारीक पानं. खात्री असेल त्यानेच नाव लिहा. अंदाज तर मीही सकाळपासून करतोच आहे.