बाईंच्या रक्ताचा धडा

जीवशास्त्राची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती आणि बाईंचे गुडघे पहिल्याच मजल्यावर हार मानायचे. सत्तावीस वर्षं त्या हा जिना चढत होत्या. पूर्वी एका दमात चढायच्या. आता दर वळणावर कठडा धरून उभ्या राहायच्या आणि कुणी येताना दिसलं की खाली मैदानात काहीतरी बघत असल्याचा आव आणायच्या. गुडघ्यांसाठी रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी, कधी दुपारी आणखी एक.

"आधी दोन घास खा, मग गोळी घे," नवरा म्हणायचा.

"घास खात बसले तर पहिला तास तू घेणार का?" असं म्हणून त्या पिशवी उचलायच्या आणि विषय तिथेच संपायचा.

थकवा मात्र गुडघ्यांपुरता राहिला नव्हता. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खडू जड वाटायचा. घरी आल्यावर चपला काढायलाही जीव नसायचा. वय झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. शिवाय मनही विटलं होतं. मुलं हुशार होती, पाठांतर तर घडाघडा. पण रेणूंच्या धड्यात त्यांना पेशी आठवत नसे, पेशीच्या धड्यात शरीर आठवत नसे, आणि शरीराच्या धड्यापर्यंत येईतो वर्ष संपलेलं असे. एकदा बाईंनी फळाभर माणूस काढला, त्याच्या पोटात एक पेशी आणि पेशीत एक रेणू काढला. तासभर जीव ओतून शिकवलं. शेवटी एक हात वर झाला. "मॅडम, ही आकृती किती मार्कांना येते?"

त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत बाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं. वर्गातला पहिला नंबर समोर येऊन बसला.

"रक्तातलं हिमोग्लोबिन कमी झालं तर काय होतं?"

त्याने हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या सांगितल्या, मधलं लोह सांगितलं, प्राणवायू कसा चिकटतो आणि कसा सुटतो तेही सांगितलं. एक शब्द चुकला नाही.

"ते झालं. पण माणसाचं काय होतं?"

तो गोंधळला. "मॅडम, माणूस पुढच्या धड्यात आहे."

बाईंना हसूही आलं नाही. त्यांनी मार्क लिहिले आणि पुढच्या मुलीला बोलावलं. ती मागच्या वर्षी नापास झालेली, शिंप्याची मुलगी. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, म्हणून पोरांनी तिचं नाव 'मुकी' ठेवलं होतं. तिलाही तोच प्रश्न. ती बराच वेळ बाईंच्या हातांकडे बघत राहिली.

"तो माणूस जिन्यात तीनदा थांबतो," ती हळूच म्हणाली. "लिहिताना फळ्याला हात टेकतो. नखं पांढरी पडतात. साधं बोलतानाही मध्येच श्वास घेतो."

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही मॅडम. रोज बघतेय."

बाईंनी आपली नखं पाहिली. मग वही पुढे ओढून तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि म्हणाल्या, "जा तू आता."

तरीही दवाखान्यात जायला त्यांनी आठ दिवस लावले. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, आणि कागद हातात आल्यावर विचारलं, "धाप कधीपासून लागते?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तुम्ही शिकवता काय?"

बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. दुर्बिणीने तपासल्यावर कळलं, जठरात व्रण होता आणि त्यातून रोज थोडं थोडं रक्त झिरपत होतं. गुडघ्यांच्या गोळ्यांनी केलेला उद्योग. बाईंना दोन दिवस ठेवून घेतलं. कुणा अनोळखी माणसाचं रक्त थेंबाथेंबाने त्यांच्या हातात उतरत होतं आणि त्या छताकडे बघत पडल्या होत्या. ही गोळी ज्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते, ते विकर त्यांनी सत्तावीस वर्षं शिकवलं होतं. परीक्षेत विचारलंही होतं. मुलांचं जे व्हायचं तेच आपलंही झालं, हे कळून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा दिवसांनी त्या वर्गावर गेल्या आणि नोकरीत पहिल्यांदाच खुर्चीत बसून शिकवलं. फळ्यावर जिन्यात थांबलेली एक बाई काढली.

"ही का थांबली? पुस्तक बंद ठेवा. हिच्यापासून मागे मागे जा."

तीन तास गेले. धाप लागली कारण पेशींना प्राणवायू पुरत नाही. पुरत नाही कारण हिमोग्लोबिन कमी. ते कमी कारण रक्तावाटे लोह गेलं. रक्त गेलं कारण जठराच्या आतल्या पेशींनी आपल्या अंगावरचं चिकट संरक्षक आवरण नीट बनवलं नाही आणि तिथे जठरातल्या आम्लाने व्रण केला. आणि त्यांना ते बनवायचा निरोप मिळाला नाही, कारण निरोप तयार करणारं विकर गोळीने अडवलं होतं.

मुकीने हात वर केला. "पण गोळी तर गुडघ्यासाठी होती ना, मॅडम?"

"गुडघ्यात दुखण्याचा निरोपही तसंच विकर तयार करतं."

"मग कुठलं अडवायचं, हे गोळीला कसं कळतं?"

"कळत नाही," बाई म्हणाल्या. "गोळी सगळ्या अंगभर फिरते. कळायचं आपल्याला असतं."

ही फळ्यावरची बाई कोण, हे कुणी विचारलं नाही.

या भानगडीत दोन धडे मागे पडले. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, कारण विचारलं आणि न ऐकताच मान हलवली. मागे पडलेले धडे बाईंनी सुट्टीच्या दिवशी जादा तास घेऊन पुरे केले. रक्त भरून आलं होतं, पण उत्साह काही बाटलीतून मिळत नाही. मुकी जेमतेम द्वितीय श्रेणीत पास झाली आणि रक्ततपासणीचं काम शिकायला गेली. पहिल्या नंबराचा पहिला नंबर कायम राहिला.

वार्षिक पेपर तपासून संपले त्या संध्याकाळी नवऱ्याने जेवणाची ताटं मांडली आणि विचारलं, "काय म्हणतायत तुझी पोरं?"

"रेणूपासून माणसापर्यंत चौदा जण पोचले."

"कितीतले?"

"साठातले."

"मग हे चांगलं म्हणायचं की वाईट?"

"अजून ठरवलं नाही," त्या म्हणाल्या आणि पाय स्टुलावर लांब करून बसल्या.