सांगून मोकळा

डिंडोलीतले आमचे शेजारी काका लूमच्या खात्यातून, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातून, निवृत्त झाले, पण तिथल्या खडखडाटावर मात करणारा आवाज घरी घेऊन आले. गल्लीत प्रत्येकाला ते काहीतरी बजावतात आणि लगेच हात झटकतात, "सांगी दिन्हं, मी मोकया!" म्हणजे सांगून टाकलं, आता मी मोकळा. मग अर्ध्या तासाने, ऐकलं की नाही ते बघायला येतात.

"आईचे डोळे दाखवून आण," मला म्हणाले. "काल मलाच 'या वहिनी' म्हणाल्या! सांगी दिन्हं, मी मोकया!"

मी म्हटलं, रविवारी नेतो. असे बरेच रविवार गेले.

परवा कामावरून आलो तर घराला कुलूप. आईला फोन केला, तर काकाच गरजले, "डोळ्यांच्या दवाखान्यात ये!"

तिथे आई बाकावर डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसलेली. शेजारी काका, मांडीवर तिची पिशवी. मला बघताच त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. "आलास? आते मी मोकया." आणि निघाले.

दोन मिनिटांत पुन्हा दारात. "घरी पण थेंब घालायचेत, विसरू नको!" सगळा दवाखाना दचकला.

आईने डोळे न उघडताच सरकून त्यांना बाकावर जागा केली.