बांधाबाहेरचं घर

माझा तांब्याचा हंडा ज्याने चोरला, त्याला मी तुरुंगात घातलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. हंडा आईने लग्नात दिलेला होता आणि तो माणूस चोर होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला दयाळू समजणार नाही.

आमच्या इमारतीखाली बाकावर म्हातारी माणसं बसतात. पेपरात कुणा पुढाऱ्याने पैसे खाल्ल्याचं आलं की त्यांचं बोलणं रंगतं. एकजण दर वेळी म्हणतो, "खाल्ले तर खाल्ले, कुणाचा गळा तर नाही कापला." मी चौथीपर्यंत शिकलेली. वादात पडत नाही. पण ते वाक्य ऐकलं की मी उठून घरात जाते.

माझं सासर माकुणसारच्या बाजूला, खाडीकडेला. गावाचं नाव लिहीत नाही. आमची भातशेती खाजणात होती, म्हणजे भरतीचं पाणी अडवून मिळवलेल्या सखल जमिनीत. पाणी अडवायला मातीचा लांब बांध होता आणि त्या बांधाला एक उघाडी. पावसाचं पाणी खाडीत सोडायची ती वाट. तिच्या खाचेत जाड फळ्या असत. ओहोटीला त्या वर घ्यायच्या, भरतीला खाली सोडायच्या. गावातलं सगळ्यांत खालचं घर आमचं. पडवीतून बांध समोर आडवा दिसे, आणि मोठी भरती असली की बांधापलीकडचं पाणी आमच्या उंबऱ्यापेक्षा उंच असे. लग्न होऊन आले तेव्हा कित्येक दिवस मी बांधाकडे पाठ करून जेवायलाही बसत नसे.

शिमगा झाला की घरटी एक माणूस टोपली घेऊन बांधावर जाई. खाडीतला काळा चिखल काढायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची, वर चिखल थापून पायांनी तुडवायचा. ज्या घरचं माणूस आलं नाही त्या घरच्या बाईला पाणवठ्यावर वर्षभर टोमणे खावे लागत. पोटुशी असतानाही मी गेले होते. कंबर मोडून जायची, पण रात्री झोप लागायची. बांध कुठे कच्चा आहे आणि कुठे पक्का, हे आमच्या पायांना ठाऊक होतं.

मग बांध सरकारी झाला. साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या गावचा एक माणूस पंचायत समितीवर निवडून गेला होता. त्याला सगळे मेंबर म्हणत. त्याने सांगितलं की सरकार नवा बांध घालून देणार, यापुढे कुणी टोपली उचलायची नाही. आम्ही बायका खूश झालो. मीही झाले. काम मेंबरच्या मेहुण्याला मिळालं. डोंगराकडची माणसं मजुरीला आणली. खाडीचा चिखल काढायला वेळ आणि माणसं फार लागतात, म्हणून बांधाच्या पोटात पेंढा, भरतीच्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची झुडपं आणि किनाऱ्यावरची वाळू गेली, वरून वीतभर चिखल. गाड्या आमच्या दारावरूनच गेल्या. सगळ्या गावाने पाहिलं. कुणी काही बोललं नाही. रॉकेलची चिठ्ठी मेंबरकडून, रेशनला लाल ज्वारी आली की आधी कुणाला ते मेंबर ठरवणार, मुलाला नोकरी लावायची तर मेंबरचा शब्द. त्याचं नाव घेताना माणसं घरातसुद्धा आवाज खाली आणत. माझा नवरा एवढंच म्हणाला, "साहेब लोक बघून गेले ना. त्यांना कळत असेल."

तो पाऊसकाळ निम्मा सरला. पिठोरीच्या अवसेला सकाळी मी गोठ्यातून आले तर पडवीतला हंडा नव्हता. चार पुरुष धावले आणि वाटेवरच एकाला हंड्यासकट पकडून आणला. बांधावर मजुरीला आलेल्यांपैकीच होता. काळा, बारीक, माझ्याच वयाचा. त्याला बडवला आणि आमच्या पडवीच्या खांबाला बसवून दोराने करकचून बांधला. पोलीस पाटील सफाळ्याला गेला होता, तो येईपर्यंत ठेवायचा होता.

मार खाताना तो ओरडला नाही. बांधल्यावर मात्र त्याने मान वळवून बांधाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मना अठं नको बांदू. वर बांदा."

"का रं, खांब पसंत नाय पडला?" एकजण म्हणाला.

"याला मेंबरच्या माडीवर नेऊन बांदा. गादी घाला खाली."

सगळे हसले. माझा नवराही हसला. चोर पुन्हा म्हणाला, "वर बांदा. कुठं पन वर." तेव्हा कुणीतरी त्याच्या तोंडावर मारलं आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

मी विळा घेऊन गवताला निघाले. उघाडीवरून पलीकडे जायची वाट होती. फळ्या खाचेत घट्ट बसलेल्या होत्या, त्यांवरूनच मी गेले. येताना उघाडीशेजारच्या नव्या बांधाच्या पोटातून पाणी झिरपताना दिसलं. भरती अजून अर्धीच होती. पाय ठेवला तर भाकरीच्या ओल्या पिठात रुतावा तसा रुतला. मी पळत येऊन नवऱ्याला सांगितलं. तो टोपली घेऊन निघाला, आणखी दोघे निघाले. वाटेत मेंबरच्या मेहुण्याचा मुकादम भेटला. तो म्हणाला, "सरकारी काम हाय. हात लावाल तर नसतं लफडं होईल. मी मेंबरला कळवतो." तिघे परत आले. जुना बांध असता तर अख्खं गाव चिखल घेऊन धावलं असतं. सरकारी बांधाला हात लावायला ते भ्याले.

अवसेला भरती दुपारी भरते. मी सासूला पेज देत होते तेव्हा आवाज आला. मोठा नव्हता. भिजलेली भिंत बसते तसा. मग बाया-माणसांची ओरड, आणि नवरा बांधाकडे धावला. मी दारात आले तर भातावरून पाणी येत होतं. लाट नव्हती. सपाट, तपकिरी, सरळ आमच्याकडे, आणि भाताच्या शेंड्यांवरून सरकताना त्याचा सळसळ आवाज येत होता. त्या आवाजाची मला अजून भीती वाटते. आजही कुणी कापड ओढलं तर मी दचकते.

दोन वर्षांची मुलगी आधी माळ्यावर टाकली. मग सासूला खालून ढकलत शिडीवर चढवलं. तोवर घरात गुडघाभर पाणी. मीही चढले असते, पण पडवीतून खाकरल्यासारखा आवाज आला. त्याला बसवून बांधला होता. उठता येत नव्हतं. पाणी त्याच्या छातीवर होतं.

मी कोयता घेतला. आणि तिथे थांबले. घरात पुरुष नाही, माझ्या हातात कोयता, समोर चोर. सुटला की माझ्याच हातातला हिसकावेल, असं मनात आलं. तो फक्त हनुवटी वर धरून बसला होता. पाणी गळ्याशी आलं तेव्हा मी दोर कापला. तो उठला, माझ्याकडे पाहिलंही नाही आणि पाण्यातून टेकाडाकडे निघून गेला. मी माळ्यावर गेले. मुलीचं तोंड दाबून धरलं, कारण तिचं रडणं मला ऐकवत नव्हतं. गोठ्यात आमचे दोन बैल दावणीला होते. ते ओरडायचे थांबले ते मला कळलं.

ओहोटीला पाणी उतरलं. बांध उघाडीसकट वाहून गेला होता. भात खारं झालं, विहीर खारी झाली.

दुसऱ्या दिवशी मेंबर आला. बरोबर तांदळाचं पोतं घेतलेला गडी. तो सासूच्या बाजेवर बसला.

"काकी, या वयात माळ्यावर चढलात म्हणे."

"चढले. खांदा द्यायला तू नव्हतास ना."

तो हसला. मग माझ्या नवऱ्याला म्हणाला, "त्या चोरट्याने गावाचा घात केला. उघाडीच्या फळ्या काढून नेल्या, जळणाला. तिथूनच पाणी घुसलं."

मी दाराआडून म्हणाले, "तो सकाळपासून इथं बांधलेला होता."

"रात्रीच काढल्या असतील."

"त्याला बांधल्यावर मी उघाडीवरून गेले. फळ्या होत्या."

तो माझ्याकडे वळलाच नाही. सासूला विचारलं, "काकी, नातीला कितवं?"

"दोन झाली."

"पाण्याला भीत असेल आता." मग म्हणाला, "नवा बांध जरा आत घ्यावा म्हणतात साहेब. आखणी माझ्यावर सोडलीय. तुमचं घर बांधाच्या आत राहावं, असं मला फार वाटतं. बघू." आणि तांदूळ ठेवून गेला. माझा नवरा त्याच्या पाया पडला. तो तांदूळ सगळ्या गावासाठी सरकारातून आलेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

रात्री नवरा म्हणाला, "तू गप राहा. आपण खाली राहतो." त्याचं खोटं नव्हतं. तो भ्याला होता, मीही भ्याले होते.

चोराला त्याच्या पाड्यावरून धरून आणला. फौजदार पालघरहून आला, पंचनामा आमच्याच पडवीत झाला. ज्यांनी त्याला सकाळी खांबाला बांधलं होतं, त्याच चौघांना फौजदाराने विचारलं. चौघेही म्हणाले, फळ्या यानेच काढल्या. मेंबर खुर्चीवर बसून पान जुळवत होता. चोर खाली बसला होता, त्याच खांबाशी. त्याने पुन्हा बांधाच्या बाजूला पाहिलं. बांध तर उरलाच नव्हता.

मला कुणी विचारलं नव्हतं. हंडा कुणाचा एवढंच विचारायला फौजदाराने मला पुढे बोलावलं. मी म्हणाले, "हंडा माझा. याने नेला, ते लिहा. फळ्या याने नेल्या नाहीत. याला बांधल्यावर मी त्यांवरून चालत गेले. तेही लिहा."

"बाई, हा तुझा कोण लागतो?" फौजदार म्हणाला. माणसं हसली.

"कुणी नाही. माझा चोर आहे. जेवढं चोरलं तेवढंच त्याच्या नावावर लिहा."

मेंबरने पान तोंडात घातलं. त्याने माझ्याकडे पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. रागाने नाही. शेतातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं ते ठरवताना माणूस पाहतो तसं.

फळ्यांची गोष्ट पुढे कुणी काढली नाही. उधाणाने बांध गेला असं ठरलं. समुद्राला कोण धरून आणणार. चोराला हंड्यापुरती शिक्षा झाली. हंडा पोचे आलेला परत मिळाला.

नवा बांध घातला तो आमच्या घराच्या मागून. आमचं एकट्याचं घर बाहेर, खाडीच्या बाजूला राहिलं. काम त्याच मेहुण्याने केलं.

त्या घरात आम्ही आणखी तीन पाऊसकाळ काढले. अवस-पुनव जवळ आली की मला अन्न जात नसे. भरतीच्या वेळी मी मुलीच्या कमरेला लुगड्याचं टोक बांधून ठेवायचे. दोर वापरत नव्हते. गावातली माणसं वर बांधावरून जाता-येता आमच्याकडे पाहत. आमचं घर पाहून ती गप राहायला शिकली. मेंबर पुन्हा निवडून आला.

बाकावरचा तो माणूस गळा कापला नाही म्हणतो ना, तर मला एवढंच कळतं. हंडा परत मिळाला त्या रात्री मी दाराला कडी घातली आणि झोपले. चोराची भीती कडीने जाते. ज्याच्या हातात बांध आहे त्याची भीती घालवायला मला कुठलीच कडी सापडली नाही. चोराला बांधायला आमच्याकडे दोर होता, चार माणसं होती आणि खांबही होता. दुसऱ्याला आम्ही खुर्ची दिली.

शेवटी नवऱ्याला बोईसरकडे कामाला घेतलं. वीजकेंद्राचं बांधकाम निघालं होतं. बेटेगावात आम्ही एक खोली घेतली. घर सोडलं तेव्हा खांबाला दोराचा वळ होता. आता तिथे तिवरं आहेत.

एकदा मी मुलीचा हात धरून नवऱ्याची भाकरी घेऊन चालले होते. रस्त्याच्या कामावर खडी वाहणाऱ्यांमधून एकजण पाटी घेऊन समोर आला. मी ओळखला. त्यानेही ओळखलं.

"बाय, हंडा हाय का अजून?"

"हाय. पोचे घातलेस तू."

"पलताना पडलू. बरा होता हंडा."

"बरा होता म्हणून नेलास ना."

तो हसला. मलाही हसू आलं. मला त्याची काडीचीही भीती वाटली नाही. तेवढ्यात मागून जीप आली, आणि पुढच्या सीटवर मेंबर होता. कुणा पाहुण्याला काम दाखवायला आला असेल. त्याने आम्हाला पाहिलंही नसेल. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला झालो. चोराने पाटी खाली ठेवली आणि मान खाली घातली. जीप लांब गेली तरी त्याने पाटी उचलली नाही. मुलगी रडू लागली तेव्हा मी खाली पाहिलं. तिला मी माझ्या पाठीमागे ओढलं होतं आणि तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.