भरल्या गाडीची रेघ

त्या उन्हाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायला जागा नव्हती. जिकडे तिकडे लिफ्ट किटचे कॅटलॉग. गाडीची बॉडी चाकांपासून आणखी वर उचलायची, तर स्प्रिंगा, ठोकळे, शॉकअब्सॉर्बर, लांब बोल्ट असा जो सरंजाम लागतो, त्याला लिफ्ट किट म्हणतात, आणि मला त्यातलं एक निवडायचं होतं. लग्नाचा शालू निवडताना मी एवढी हरखले नव्हते. नवरा म्हणायचा, "शालू तू वीस मिनिटांत घेतलास. गेनाऊ, अगदी बरोब्बर वीस. मी दुकानाबाहेर उभा होतो."

गाडी म्हणजे अमेरिकन पिकअप ट्रक, चांगला धिप्पाड, मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून सेकंडहँड घेतलेला. जर्मनीत बॉबलिंगेनमधल्या आमच्या गल्लीत तो उभा राहिला की बाकीच्या गाड्या खेळण्यातल्या वाटत. मागच्या हौद्यावर राहायची केबिन बसवायची आणि आल्प्समधल्या कच्च्या रस्त्यांवर हिंडायचं, त्यासाठी उंची हवी, असं मी लोकांना सांगत असे. ते खोटं नव्हतं. पण त्याहून खरं म्हणजे मला उंच बसायचं होतं. ऑफिसात मी सस्पेन्शनचंच काम करत होते, आणि तिथे आमची सगळी टीम गाडी जमिनीच्या आणखी जवळ कशी आणायची यावर डोकं खपवायची. आठवडाभर लोकांच्या गाड्या खाली आणायच्या आणि शनिवारी स्वतःची वर न्यायची, याची मला भारी गंमत वाटत होती.

त्यात अण्णा, माझे वडील, तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. साताऱ्याजवळ हायवेला त्यांचं कमानपाट्यांचं गॅरेज. ट्रकच्या चाकाजवळ पोलादी पट्ट्यांची जी जुडी असते ती कमान, आणि तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. चाळीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. माझ्या ट्रकला चारही चाकांवर कमानी होत्या, जणू अण्णांसाठीच घेतला होता! मला वाटलं होतं, आल्या आल्या चढून बसतील. पण तीन आठवडे झाले तरी ते एकदाही आत बसले नव्हते. भोवती फिरायचे, बॅटरी मारून खाली बघायचे, "हूं" म्हणायचे. आणि फिरायला चला म्हटलं की, "ती लहान गाडी काढा, न्हाईतर रेल्वेनं जाऊ."

याचा अर्थ मला कळलाय असं मी धरून चालले होते. अण्णांच्या गॅरेजात एक खांब होता. कमान खचून खाली बसलेला ट्रक आला की तो त्या खांबाला लागून उभा करायचा आणि काम झाल्यावर त्याची मागची कड कुठवर वर यायला हवी, तिथे खांबावर खडूची रेघ मारायची. रेघ मिस्त्रीनंच मारायची, म्हणजे अण्णांनी. एकदा मारली की तो गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. माझ्या भावाच्या हातात खडू यायला सात वर्षं लागली. मी दहा वर्षांची असताना एकदा न विचारता खडू उचलला, तर अण्णांनी तो काढून घेतला. "हे तुझं काम न्हवं. घरी जा." मी घरी गेले, पुढे इंजिनिअर झाले, जर्मनीत आले, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. पोरीने चालवलेल्या ट्रकमध्ये बसायला यांना कमीपणा वाटतोय, दुसरं काय! मग मीही हट्टाला पेटले. असं किट बसवायचं की अण्णांनी बघत राहावं, आणि परत जायच्या आधी एकदा तरी माझ्या शेजारच्या सीटवर बसावं.

तेव्हा अर्थातच आधी सहा इंचांचं किट. त्याचे फोटो बघूनच माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. पण जर्मनीत गाडीत काहीही बदललं की ते गाडीच्या कागदांवर चढवावं लागतं, आणि त्यासाठी त्या वस्तूची रीतसर चाचणी झाल्याचा अहवाल लागतो, त्याला गुटआख्टन म्हणतात. मी तपासणीवाल्या इंजिनिअरकडे कॅटलॉग घेऊन गेले. त्याने फोटो निरखून पाहिला. "शोन," म्हणजे सुंदर, असं म्हणाला. मी खूश. मग त्याने विचारलं, "गुटआख्टन?" ते नव्हतं. "आल्झो, नाईन," म्हणजे मग नाही, असं म्हणून त्याने कॅटलॉग परत माझ्या हातात दिला.

उरली दोन. एकात आहे त्याच कमानीखाली ठोकळे घालून चार इंच उंची मिळत होती, दुसऱ्यात नव्या कमानी घालून अडीच इंच. दोन्हींना कागद होते. माझं मन साहजिकच चाराकडे ओढ घेत होतं. टेबलापलीकडून अण्णा म्हणाले, "ठोकळा म्हंजे उंच टाचेची चप्पल. माणूस उंच दिसतो. ओझं जास्ती उचलतो व्हय?"

मला राग आला आणि आनंदही झाला. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदा माझ्या ट्रकबद्दल बोलले होते! मी धावत लॅपटॉप आणला. चारही चाकांपाशी मिलिमीटरपर्यंत मोजलेली उंची, एक्सेलमध्ये रंगीत रकाने. नव्या कमानी घ्यायच्या झाल्या तर तीन ताकदींच्या मिळत होत्या, आणि माझ्या हिशेबाने सगळ्यात मऊ पुरत होत्या. अण्णांनी चष्मा लावला, रकाने खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारलं, "हे भरून मोजलंस का?"

भरून मोजलंच नव्हतं. ऑफिसात गाडीत वजन घालायला वेगळी माणसं होती. माझ्या टेबलावर आकडे यायचे ते वजन घालूनच आलेले असायचे. घरी वजन घालणारं कोणी नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दहा वर्षं सस्पेन्शन करणाऱ्या बाईने रिकाम्या ट्रकवरून कमान ठरवली होती. नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

रविवारी आवाज केलेला शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून शनिवारी सकाळीच कामाला लागलो. केबिन यायला अवकाश होता, म्हणून तेवढ्या वजनाच्या बागेच्या मातीच्या चाळीस गोण्या बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकाम-बागकामाच्या मोठ्या दुकानातून आणल्या. वर तळघरातले हिवाळी टायर आणि मिनरल वॉटरचे भरलेले क्रेट. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर बाल्कनीतून विचारू लागला, शेती करणार आहात का? ट्रक घराच्या गॅरेजच्या भिंतीला लागून उभा केला होता. एकेक गोणी पडत गेली तशी मागची बाजू खाली खाली गेली, चांगली चार बोटं बसली. अण्णांनी टाळी वाजवली. "आता बोलती बघ गाडी!" मलाही दिसलं. ठोकळे बाद, मऊ कमानी बाद. अडीच इंचांचंच किट, पण सगळ्यात भक्कम पाट्यांचं. मी उड्या मारायच्या बेतात होते.

"आता पुढं माणसं बसवा," अण्णा म्हणाले. नवरा स्टिअरिंगमागे बसला.

"अण्णा, त्या बाजूला तुम्ही बसा. मी मोजते."

"तू बस. मी मोजतो."

"नाही, तुम्हीच."

त्यांनी दार उघडलं, वरची दांडी धरली, पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग हळूच उजवा गुडघा दाबला. ट्रकमध्ये का बसत नाहीत म्हणून मी तीन आठवडे त्यांचा चेहरा वाचत होते. गुडघ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. भावाला सांगू नगंस. मिस्त्रीचा गुडघा गेला म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडं जातं."

"पण मला का नाही सांगितलंत?"

"तू रोज ती आणखी वर न्यायचं बोलत हुतीस. एवढी खुशीत हुतीस. काय सांगू?"

मी म्हणाले, राहू दे, किटच नको.

अण्णा एकदम उखडले. "माझ्या गुडघ्याच्या मापानं कमान घालणार व्हय? गाडीला काय पायजे ते गाडी सांगती. तो खोका आण इकडं."

मी एक रिकामा क्रेट पालथा घातला. नवऱ्याने आतून हात दिला, मी मागून आधार दिला, आणि अण्णा चढले. सीटवर नीट बसले, शर्ट सारखा केला आणि समोर, गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या टपांवरून पार पलीकडे पाहिलं.

"लई लांबचं दिसतंय की," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना.

माझी मुलगी रस्त्यावर चित्रं काढायची, तिच्या जाड खडूंचा डबा भिंतीपाशीच पडला होता. त्यातला गुलाबी खडू काढून मी खिडकीतून अण्णांपुढे धरला. "खाली आलात की रेघ मारा."

त्यांनी खडूकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"मी उतरलो तर वजन कमी हुतंय. तूच मार."

मी मागे गेले. हौद्याची कड कुठे होती आणि कुठवर यायला हवी ते दोनदा मोजलं आणि रेघ ओढली. अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं.

"वाकडी आलीय," ते म्हणाले. "पण जागा बरोबर हाय."