निकालबाई आणि दुसरा भाग

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्या तिला निकालबाई म्हणत. कारण काय, तर सुट्टीच्या दिवशी सिनेमा बघून आली की दुसऱ्या दिवशी चादरींच्या घड्या घालता घालता ती त्या सिनेमाचा निकाल लावत असे. आणि सिनेमे कुठले? ते अवाढव्य, आभाळातले. यानं फुटतात, ग्रह धडकतात, शहरंच्या शहरं आडवी होतात, तसले. रडक्या, घरगुती सिनेमांच्या वाटेला ती जायची नाही. "रडारड घरी फुकट मिळते," ती म्हणायची. "तिकीट काढून जायचं तर निदान एखादं शहर तरी पडायला हवं."

आता तुम्ही म्हणाल, एवढी आवड आहे तर बाई कौतुक करत असेल. छे! नाव नको.

"एवढं मोठं यान, लख्ख चकचकीत, आणि त्यात झाडू मारणारं एक माणूस नाही? त्या हिरोचा पांढरा पोशाख बघितलास? रक्त सांडतंय, राख उडतेय, आणि पुढच्या प्रसंगात कोरा करकरीत! अगं, धुतं कोण? जगातले सगळे हुशार लोक एका खोलीत पडद्यासमोर उभे. बसायला खुर्ची एकालाही नाही. आणि जग बुडायला आलंय, तरी हिरो-हिरॉईन दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी. अरे बाबा, आधी ते बटण दाब, मग बघ काय बघायचंय ते!"

चादरीच्या दुसऱ्या टोकाला तिची सोबतीण असायची. तीही काही कमी नव्हती. "तुझं डोकं फिरलंय. मला तर फार आवडला," असं ती ठणकावून सांगायची. मग जुंपायची. बाकीच्या हसून हसून बेजार. त्या कामाची रीतच तशी आहे. मोठ्या चादरीची घडी घालायची तर दोघींनी आपापलं टोक ताणून धरायचं. एकीनं ढिलं सोडलं की मध्ये सुरकुती पडते आणि चादर परत इस्त्रीच्या रोलरकडे जाते. नव्या बाईला पहिल्या दिवशी एकच शब्द शिकवतात, "ओढ."

तर अशा या निकालबाईला लेक एकच. चष्म्याच्या दुकानात कामाला, स्वतःच्या नाकावरही जाड भिंगांचा चष्मा. स्वभावाने मऊ, इतकी मऊ की दुकानात गिऱ्हाईक ओरडलं तरी हीच माफी मागणार. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामाला चोख, बोलायला गोड, नाव ठेवायला जागा नाही. फक्त या आभाळातल्या सिनेमांचा त्याला भयंकर नाद. पहिल्यांदा भेटले तेव्हा त्याने विचारलं, "तुला आवडतात?" आणि ही म्हणाली, "खूप!" खरं तर तोवर तिने एकही धड पाहिला नव्हता. आईचे निकाल ऐकून ऐकून तिला गोष्टी तेवढ्या पाठ होत्या. तेव्हापासून दोन वर्षं नवा सिनेमा लागला की दोघं पहिल्या दिवशी हजर.

लग्न जवळ आलं तेव्हा त्याने ठरवलं, एक सिनेमा दोन्ही घरांनी मिळून बघायचा. तो, त्याची आई, लेक आणि निकालबाई. एका प्रचंड गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. लेकीने आदल्या दिवशी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, हात जोडते. सुटल्यावर तो विचारेल, कसा वाटला? तू फक्त 'छान होता' एवढंच म्हण. पुढे एक अक्षर नाही."

"आणि नसला छान तर?"

"तरी छान होता! तो फार मनाला लावून घेतो गं. एका मित्राने पहिल्या भागाला नावं ठेवली, तर कितीतरी दिवस बोलत नव्हता त्याच्याशी."

निकालबाईने तोंड वाकडं केलं, पण कबूल केलं. लेकीसाठी माणूस काय काय गिळतं, हे काय नवीन सांगायचं!

थिएटरात दारातच थ्रीडीचे काळे चष्मे हातात दिले. सिनेमा सुरू झाला. पहिल्या भागाच्या शेवटी हिरोचा बाप सगळ्यांना वाचवताना मेला होता, आणि निकालबाई तेव्हा खरोखर रडली होती. त्या एका प्रसंगाला तिने लाँड्रीत सगळ्यांसमोर पैकीच्या पैकी मार्क दिले होते. आणि आता? आता काळाचं कसलंसं दार उघडलं, आणि बाप चालत बाहेर आला. कपड्यांचीही घडी मोडलेली नाही! थिएटरात शिट्ट्या, टाळ्या. निकालबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि सहज शेजारी लेकीकडे बघितलं.

स्वतःच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवून लेक बसली होती. बाजूच्या फटीतून पडद्याचा उजेड तिच्या डोळ्यांवर पडत होता. डोळे घट्ट मिटलेले होते. आणि ओठांवर हसू.

तेवढ्यात तो तिच्याकडे झुकून काहीतरी कुजबुजला. तिने डोळे न उघडताच मान डोलावली. "हो ना! भारी!"

सिनेमाचा राग निकालबाई तिथल्या तिथे विसरली. ही पोरगी दोन वर्षं अशी बसतेय? आज सिनेमाला 'भारी' म्हणतेय. उद्या घर कुठलं घ्यायचं, नोकरी सोडायची की ठेवायची, मूल कधी, सगळ्याला अशीच डोळे मिटून 'भारी' म्हणणार? आणि मग कधीतरी डोळे उघडले की रडत आईकडे येणार? नाही. हे चालायचं नाही.

सुटल्यावर चौघं खालच्या कॉफीच्या दुकानात बसले. जावईबापूंचा चेहरा फुलून आला होता. "बोला, कसा वाटला?"

"अप्रतिम!" लेक म्हणाली. "बाबा परत आले ना, तेव्हा तर मला रडूच फुटलं."

हे ऐकलं मात्र, आणि झालं.

"मला नाही आवडला," निकालबाई म्हणाली. टेबलाखाली लेकीने तिचा पाय दाबला. निकालबाईने पाय काढून घेतला.

"का हो काकू?" त्याने हसतच विचारलं. "कल्पना आहे ती. कल्पनेत सगळं चालतं."

"करा की कल्पना! चंद्रावर भाजी पिकवा, माशांना भाषणं करायला लावा, मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवीन. पण मेलेल्याला मेलेला राहू द्या. मागच्या वेळी या सिनेमावाल्यांच्या सांगण्यावरून मी त्याच्यासाठी रडले. आता म्हणतात, गंमत केली? हिचा बाप गेला तेव्हा आम्हाला नाही कुणी दुसरा भाग दाखवला."

विहीणबाई कपातली साखर ढवळत राहिल्या. "जाऊ द्या हो," त्या हळूच म्हणाल्या. "सिनेमाच तो."

त्याचा चेहरा पडला होता, पण तोही हट्टी. "ठीक आहे काकू, तुम्हाला नाही आवडला. हिला तर आवडतो ना?"

"विचारा की तिला."

त्याने लेकीकडे बघितलं. लेकीने कपात बघितलं. "छान होता," ती म्हणाली.

घरी आल्यावर मात्र मऊ पोरगी पेटली. "शब्द दिला होतास तू मला!"

"दिला होता आणि मोडला. डोळे मिटून बसली होतीस, बघितलंय मी."

लेक जागच्या जागी थबकली. मग खाली बसली. "डोकं फुटतं माझं. एका चष्म्यावर दुसरा चष्मा, सगळं दोन दोन दिसतं. पहिल्याच सिनेमाला कळलं होतं."

"मग सांग त्याला."

"आता कसं सांगू? दोन वर्षांनी? मोडेल सगळं."

"डोळे मिटून जे टिकतं ना, ते मोडलेलंच बरं," निकालबाई म्हणाली. लेक खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. सकाळी गॅलरीत वाळलेली मोठी चादर काढून घडी घालायची होती, त्याला दोघी लागतातच. लेक अबोला धरून आली, एक टोक हातात घेतलं, पण ताण कुठाय? मध्ये झोळी.

"ओढ," आई म्हणाली.

"तू बाबांना त्या कॉफीच्या टेबलावर आणायला नको होतंस," लेक म्हणाली. "मला नाही आवडलं. अजिबात नाही आवडलं!" आणि तिने चादर अशी ओढली की निकालबाई दोन पावलं पुढे गेली.

बोललेलं लागलं तिला. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. पण सांगू का, लागता लागता तिला आनंदही झाला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पण बघ की! जमतंय तुला. आता हेच तिकडे."

लेकीने चादरीचं टोक काखेत धरलं आणि तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "मला ते सिनेमे आवडत नाहीत. एकही नाही. डोकं दुखतं माझं. मी डोळे मिटून बसते. आता नाही बसणार." पलीकडून फोन बंद झाला.

दिवसभर त्याचा फोन नाही. लेक जेवली नाही. निकालबाई भांडी आपटत घरभर फिरत होती. मोडलं तर मोडू दे, असा कोण लागून गेलाय, माझ्या पोरीला काय कमी आहे, असं स्वतःशीच बडबडत होती. पण दर थोड्या वेळाने खिडकीत जाऊन रस्त्यावर बघत होती, हेही खरं.

संध्याकाळी तो आला. कामावरून थेट, खांद्याला हत्यारांची पिशवी तशीच. बस म्हटलं तरी बसला नाही. निकालबाई कोपऱ्यात कपडे आवरत राहिली.

"सिनेमा नाही आवडला, त्याचा राग नाही मला," तो लेकीला म्हणाला. "मला वाटायचं, अंधारात आपण दोघं एकच गोष्ट बघतोय. मी एकटाच होतो तिथे."

लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"रडू फुटलं म्हणालीस, ते?"

"खोटं."

"पहिला भाग पुन्हा बघायचाय म्हणालीस, ते?"

"खोटं."

त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि मी आवडतो म्हणालीस, ते?"

निकालबाईच्या हातातला कपडा हातातच राहिला. तिला आता चांगलीच भीती वाटली. काय करून बसलो आपण?

लेकीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला आणि त्याच्याकडे सरळ बघितलं. "आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती त्या दिवशी. तू खालच्या खड्ड्यातून वर आलास, तोंडभर काळं ग्रीस. जिन्यापाशी एक म्हातारी अडकली होती, आधी तिला वर सोडून येतो म्हणालास, तिच्या भाजीच्या पिशव्या उचलल्यास, आणि जिना चढायला लागलास. तेव्हा मी असाच चष्मा पुसला होता आणि नीट बघितलं होतं. ते डोळे उघडे ठेवून म्हणाले मी."

त्याने पिशवी खाली ठेवली. खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसतोय की रडतोय, कळेना. लेक त्याच्या शेजारी जाऊन बसली. "आणि ऐक," ती म्हणाली, "ते सिनेमे तू एकटा बघायचे. नाहीतर आईला घेऊन जा. भांडायला माणूस मिळेल तुला."

त्याने मान वर केली. डोळे ओले होते. कोपऱ्यात उभ्या निकालबाईकडे बघून म्हणाला, "काकू, तुम्ही आज काहीच बोलत नाही?"

निकालबाईने हातातल्या कपड्याची घडी घातली, ती सगळी वाकडी आली.

"छान होता," ती म्हणाली. "हा भाग छान होता."

आणि पुढे एक अक्षर बोलली नाही.